गाण्याची रॉयल्टी, मसाल्याचं नाव आणि बहिणींचा हिस्सा

कोल्हापुरात मुसलमान घरातला कर्ता माणूस गेला की चाळीसावा होईपर्यंत वाटणीचा विषय कोण काढत नाही. मग हळूहळू घर, दुकान, बँकेतलं, सोनं, गाडी असं एकेक निघतं आणि कोणीतरी मौलानांकडून नाहीतर वकिलाकडून हिस्से काढून आणतं. या यादीत काही गोष्टी हमखास राहतात. वडिलांनी लिहिलेली गाणी, काढलेले फोटो, मशीनचं पेटंट, मसाल्याच्या पुड्यावरचं नाव, यूट्यूबचा चॅनल. कोणी मुद्दाम लपवतं असं नाही (काहीजण लपवतात पण), मेन गोष्ट ही की हे डोळ्याला दिसत नाही, मोजता येत नाही, त्यामुळं जो दुकानात बसतोय किंवा ज्याच्याकडं फाईल आहे त्याच्याकडंच ते आपोआप राहून जातं, आणि तो बहुतेक वेळा मुलगा असतो. बहिणींना विचारायचं असतं हे सुद्धा कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून हा सगळा विषय जरा उलगडून सांगतो. मी मुफ्ती नाही, फतवा द्यायचा अधिकार मला नाही, पण कायदा काय म्हणतो आणि फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, वाद कशावर आहे एवढं नीट मांडता येईल.

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करून टाकू. इथं दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकात एक घालतात. कॉपीराइट, पेटंट असली गोष्ट वारसाने जाते का, हा एक प्रश्न. जात असेल तर कोणाला किती, हा दुसरा. भारतात पहिल्याचं उत्तर कॉपीराइट कायदा १९५७, पेटंट कायदा १९७०, ट्रेडमार्क कायदा १९९९ हे देतात, आणि ते सगळ्या धर्मांना सारखेच आहेत. तिन्हींचं उत्तर हो असंच आहे. दुसऱ्या प्रश्नात हे कायदे हात घालत नाहीत. मुसलमान माणूस वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, न करता गेला तर १९३७ चा शरियत कायदा लागतो आणि हिस्से शरियतप्रमाणे पडतात. १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलीय म्हणून रानाच्या वाटणीत वाद होतात, पण कॉपीराइट काय शेतजमीन नाही, त्यामुळं तिथं ती पळवाट पण नाही. एक अपवाद तेवढा लक्षात ठेवा, लग्न स्पेशल मॅरेज अॅक्टखाली झालं असेल तर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, मग खालचे हिस्से विसरा.

आता फिकहमधला वाद, कारण घरातलं कोणतरी म्हणतंच की अहो आपल्यात कॉपीराइट मानतच नाहीत. हे अगदीच हवेत सोडलेलं वाक्य नाही, त्याला मुळं आहेत.

आपल्याकडं बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एकातले. जुन्या हनफी फुकहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, माल कशाला म्हणायचं तर जे हातात येतं, साठवता येतं, गरजेला बाहेर काढता येतं त्याला. घर हा माल, पण त्या घरात राहायचा जो फायदा, म्हणजे मनफअत, तो स्वतःहून माल नाही, करार केला तरच त्याला किंमत. त्यामुळं हनफी मतात भाड्याचा करार दोघांपैकी एकजण वारला की संपतो. शुफआ, म्हणजे शेजारची जागा विकली तर आधी मला दे म्हणायचा हक्क, हा पण ज्याचा त्याच्याबरोबर जातो, पोरांना मिळत नाही. नुसता हक्क विकता येत नाही असं तिथलं धोरण. आता कॉपीराइट काय आहे? दुसऱ्यानं माझी नक्कल करू नये एवढा नुसता हक्कच की. मग तो विकायचा कसा आणि पोरांना द्यायचा कसा, असा तो प्रश्न. त्यात इल्म लपवू नये ही हदीस (पैगंबरांचं वचन), म्हणजे ज्ञानाला कुलूप कशाला लावता असं म्हणणारे. देवबंदच्या परंपरेतले मोठे मुफ्ती मोहम्मद शफी यांनी कॉपीराइट विकायला मान्यता दिली नव्हती. मजा अशी की त्यांचेच चिरंजीव मुफ्ती तकी उस्मानी यांनी पुढं सविस्तर लिहून उलट बाजू घेतली. त्यांनी अबू दाऊदमधल्या हदीसचा आधार घेतला, की जिथं आधी कोणी पोचलं नव्हतं तिथं जो पहिल्यांदा पोचला ते त्याचं. शिवाय आज बाजारात हे हक्क विकले जातात, सरकारी रजिस्टरात चढतात, पैसे मिळतात, म्हणजे लोकांच्या व्यवहारात हे माल झालेलंच आहे, आणि उर्फला, म्हणजे चालत आलेल्या रिवाजाला, हनफींच्यात वजन आहे.

बाकीचे तीन पंथ, शाफई, मालिकी, हनबली, हे मनफअतला पहिल्यापासून माल मानतात, त्यामुळं त्यांना एवढी कसरत करावी लागत नाही. घाट उतरून रत्नागिरी-राजापूरकडं गेलं की कोकणी मुसलमान शाफई, आणि आपल्यातल्या कितीतरी सोयरिकी तिकडं आहेत, म्हणजे एकाच लग्नात दोन्हीकडची मतं ऐकायला मिळू शकतात.

बऱ्याच जणांसाठी हा वाद १९८८ ला मिटला. इस्लामी देशांच्या संघटनेची जी फिकह अकादमी आहे तिचं पाचवं अधिवेशन त्यावर्षी डिसेंबरात कुवेतला झालं आणि त्यात ठराव क्रमांक ४३ झाला: व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखन, शोध हे ज्यानं केलं त्याचे हक्क आहेत, त्यांना आजच्या रिवाजात पैशाची किंमत आहे आणि शरियत त्यांचं रक्षण करते, त्यावर हात मारायचा नाही. आता ज्याला पैशाची किंमत आहे आणि जे मालकीचं आहे ते मालक मेल्यावर तरक्यात, म्हणजे वाटायच्या वारशात, येणारच. आजही वेगळं मत असणारे उलमा, म्हणजे धर्मपंडित, आहेत, नाही असं नाही. पण तुमचा मोठा भाऊ “आपल्यात कॉपीराइट मानत नाहीत” म्हणून रॉयल्टी एकटाच घेत असेल तर त्याला एवढंच विचारा की मानत नाहीत तर तुला ते पैसे कशाचे येतात.

बरं, आता हिशोब. तरका म्हणजे मयताच्या मागं राहिलेलं सगळं. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (बायकोचा मेहर दिला नसेल तर तो पण कर्जातच, हे पुरुष लोक सोयीने विसरतात), मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या जास्तीत जास्त १/३ पर्यंत, आणि मग जे राहील त्याची वाटणी. हिस्से कुराणातच दिलेत, सूरह निसा, ११, १२ आणि १७६ या आयती.

समजा कोल्हापुरातले एक गीतकार वारले. आईवडील आधीच गेलेले, मागं बायको, एक मुलगा, दोन मुली. पोरं आहेत म्हणून बायकोला १/८. उरलेलं मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. सगळ्याचे ३२ भाग केले की हिशोब सोपा पडतो, बायको ४, मुलगा १४, मुली ७ आणि ७. म्हणजे वर्षाला ३२,००० रुपये रॉयल्टी आली तर आईला ४,०००, भावाला १४,०००, प्रत्येक बहिणीला ७,०००. हे एकदाच नाही बरं का. घर विकलं की विषय संपतो, रॉयल्टी मात्र उसाच्या खोडव्यासारखी दरवर्षी परत फुटते आणि दरवर्षी याच हिश्श्यानं वाटायला लागते.

किती वर्षं? लेखन, संगीत, चित्र, फोटो यांचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. पूर्वी हे ५० होतं, रवींद्रनाथ टागोरांची मुदत संपायला आली तेव्हा १० वर्षं वाढवली. गीतकार २०१० ला वारले असतील तर २०७० च्या ३१ डिसेंबरपर्यंत चालणार. तोवर वारसांमधले सुद्धा जातील. आणि इथंच खरी गुंतागुंत सुरू होते, फराईजमध्ये, म्हणजे हिस्से काढायच्या शास्त्रात, याला मुनासखा म्हणतात, वाटणी व्हायच्या आधीच वारस मेला की त्याचा हिस्सा त्याच्या वारसांत फुटतो.

वरच्याच घरात बघू. आई वारली, तिचे माहेरचे आईवडील हयात नाहीत. तिचे ४ भाग पोरांत गेले, मुलाला २, मुलींना १-१. म्हणजे आता मुलगा १६, मुली ८ आणि ८. मग काही वर्षांनी मुलगा पण वारला, त्याच्या मागं बायको आणि एकच मुलगी. त्याच्या १६ मधून बायकोला १/८ म्हणजे २. एकुलत्या मुलीला निम्मे म्हणजे ८. राहिले ६. हे ६ त्या मुलीला जात नाहीत! हनफी हिशोबात ते मयताच्या सख्ख्या बहिणींना जातात, ३ आणि ३. आता मूळ गाण्याची रॉयल्टी कशी वाटायची बघा, सून २, नात ८, दोन्ही लेकी ११ आणि ११. बेरीज ३२ बरोबर. ज्या लेकींचा सुरुवातीला एकेक चौथा भाग पण नव्हता त्यांच्याकडं मिळून दोन तृतीयांशाच्या वर आलं. (शिया हिशोबात मात्र मुलगी असताना बहिणींना काही मिळत नाही, उरलेलं मुलीकडंच जातं. आपल्याकडच्या बोहरी घरांनी आपापल्या जमातीत विचारावं.) हे कोण लिहून ठेवतं? कोण नाही. म्हणून दोन पिढ्यांनी एखादी कंपनी सही मागायला आली की पंधरा-वीसजण गोळा करायला लागतात, त्यातले चार सौदीला, दोघं बोलत नाहीत.

आता तरक्यात नक्की काय येतं यावर येऊ, कारण वडिलांनी बनवलं म्हणजे वडिलांचंच होतं असं नसतं. नोकरीत असताना, कामाचा भाग म्हणून बनवलं असेल तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक कंपनीच. कोल्हापूरच्या स्टुडिओंमध्ये महिन्याच्या पगारावर काम केलेले कितीजण होते, त्यांच्या घरच्यांना हे ऐकून वाईट वाटतं पण कायदा तसा आहे. फोटोग्राफरचं तर अजून वेगळं, पैसे देऊन तुम्ही फोटो काढून घेतले असतील तर वेगळा करार नसताना त्याचे पहिले मालक तुम्ही. म्हणजे फोटो स्टुडिओवाला वारला तर तुमच्या लग्नाचा अल्बम त्याच्या तरक्यात येत नाही, त्यानं रंकाळ्यावर स्वतःच्या हौशीनं काढलेले फोटो मात्र येतात.

चित्रकारांच्या घरी अजून एक घोटाळा. कॅनव्हास वेगळा आणि त्यावरचा कॉपीराइट वेगळा, या दोन मालमत्ता आहेत. आपल्या आबालाल रहिमान यांचंच घ्या, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, कोटितीर्थाची चित्रं काढणारा माणूस, १९३१ ला गेले. त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट कधीच संपला, आता ज्याच्याकडं कॅनव्हास त्याचा तो. पण आजचा एखादा चित्रकार वारला आणि त्याचं चित्र आधीच कोणीतरी विकत घेतलेलं असेल, तरी कॅलेंडरवर छापायचा हक्क लिहून दिला नसेल तर तो वारसांकडंच असतो. एवढंच नाही, कलम ५३अ म्हणून एक आहे ते फार थोड्यांना माहिती. ते मूळ चित्र पुढं १०,००० रुपयांच्या वर परत विकलं गेलं तर कॉपीराइटची मुदत असेपर्यंत त्या किमतीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो, जास्तीत जास्त १०%. मूळ हस्तलिखिताला पण हे लागू आहे. आणि हा वाटा आला की परत तेच, आई १/८, भाऊ दोन, बहीण एक.

लेखक लोकांसाठी अजून दोन कामाच्या गोष्टी. प्रकाशकाला हक्क लिहून दिले पण किती वर्षांसाठी हे कागदावर नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, त्यानंतर हक्क परत लेखकाकडं, तो नसेल तर वारसांकडं. हा नियम १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारांना, त्याच्या आधीच्या कागदांना नाही, तेव्हा जुन्या ट्रंकेतला कागद काढलात तर तारीख आधी बघा. दुसरी गोष्ट सिनेमातल्या गाण्यांची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला निम्मा वाटा सोडून देताच येत नाही, निर्मात्याने सही घेतली तरी ती फुकट. फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येतो, असं कायद्यातच लिहिलंय.

संगीत निघालंय तर कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचं नाव घेतल्याशिवाय पुढं कसं जायचं. जयपूर-अत्रौली घराणं इथं दरबारात रुजलं, खाँसाहेब १९४६ ला गेले, देवल क्लबजवळ त्यांचा पुतळा आहे. घराण्याचा वारसा आणि शरियतचा वारसा हे किती वेगळे आहेत बघा. खाँसाहेबांची गायकी मुलांकडं गेलीच, भुर्जीखाँ आणि मंजीखाँ, पण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडं पण गेली. फराईजच्या तक्त्यात शिष्याला रकाना नाही. उस्तादाने शिष्याला बंदिशींचे हक्क द्यायचे तर वसीयतच करायला लागते, आणि ती पण १/३ च्या आत. बरं तेव्हाच्या बंदिशींना कॉपीराइट तरी कुठला, १९५७ च्या कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहिलेली किंवा छापलेलीच धरत होते, गळ्यातली नाही. ती अट १९९४ ला गेली.

म्हणून तर आत्ताची डागर घराण्याची केस इंटरेस्टिंग आहे. उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान यांच्या एका सिनेमातल्या गाण्यावर दिल्ली हायकोर्टात दावा लावला, की ही चाल माझ्या वडिलांच्या आणि काकांच्या शिवस्तुतीची. एप्रिल २०२५ ला एका न्यायमूर्तींनी अंतरिम आदेश त्यांच्या बाजूने दिला, दोन कोटी रुपये कोर्टात भरा म्हणून, आणि सप्टेंबर २०२५ ला खंडपीठाने तो रद्द केला. चाल कोणाची हा वाद आपण बाजूला ठेवू. आपल्या विषयासाठी यातलं महत्त्वाचं हे की दावा लावणारे हे वारस म्हणून उभे आहेत, आणि वारसांनी आपापसात ठरवून हक्क आपल्याकडं आले असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे ध्रुपद गाणाऱ्या मुसलमान घरातला वारसाहक्क हायकोर्टात अशा कागदावर उभा राहतो. तसा कागद कोल्हापुरातल्या किती कलाकारांच्या घरात असेल?

आता दुकानाचं नाव, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय इथं होतो. समजा वडिलांनी कांदा-लसूण मसाल्याचा ब्रँड उभा केला, ट्रेडमार्क रजिस्टर केला. ट्रेडमार्क १० वर्षांचा, पण रिन्यू करत राहिलं तर मरणच नाही त्याला, कॉपीराइटसारखा ६० वर्षांनी संपत नाही. वडील गेले, मोठा मुलगा दुकान चालवतोय, बहिणींना घरातला हिस्सा म्हणून काहीतरी दिलं आणि हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या. त्या पत्रात बहुतेक सिटी सर्व्हे नंबर असतो, नाव-गुडविलचा उल्लेख नसतो. मग ते नाव कोणाचं? सगळ्या वारसांचं, ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं. मुसलमान कायद्यात एकत्र कुटुंब, कर्ता हे काही नाही. बाप मेला त्या क्षणी प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा प्रत्येकाचा झाला, कोणी रजिस्टरात चढवो न चढवो. आणि उलट बाजूने, बाप जिवंत असताना कोणाचाच काही हक्क नसतो, त्यामुळं बापाच्या हयातीत बहिणीकडून “मला नको” लिहून घेतलेल्या नुसत्या कागदाला कोर्टात फारशी किंमत नाही.

पण नाव काय कापून वाटता येत नाही. तीन भावंडांनी तीन दुकानांवर तेच नाव लावलं तर गिऱ्हाईक बुचकळ्यात आणि ट्रेडमार्क कमजोर. कायदा पण सामायिक मालकांनी मार्क सगळ्यांच्या वतीने वापरावा अशाच मताचा आहे. फिकहमध्ये याला चांगली वाट आहे, तखारुज. म्हणजे एखाद्या वारसाने ठराविक रक्कम किंवा वस्तू घेऊन त्या मालातून बाहेर पडायचं, सगळ्यांच्या राजीखुशीने. भावाने नाव ठेवावं, बहिणींना त्या नावाची आजची किंमत काढून पैसे द्यावेत, पैसे नसतील तर दरवर्षी विक्रीवर टक्का ठरवावा. किंमत सीए काढून देतो. अट एकच, काय सोडतोय आणि त्याची किंमत काय हे बहिणीला माहिती पाहिजे. “सही कर गं इथं” हा तखारुज नव्हे.

पेटंटचं थोडक्यात. शिवाजी उद्यमनगरात, शिरोली-गोकुळ शिरगावला अशी माणसं आहेत ज्यांनी शेतीचं नाहीतर फाउंड्रीचं काहीतरी अफलातून बनवलंय, त्यातल्या काहींनी पेटंट पण घेतलंय. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरायला लागते. माणूस गेला, घरात कोणाला माहिती नाही, फी चुकली की पेटंट बंद. बंद झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत वारसांना ते परत चालू करायला अर्ज करता येतो, त्यानंतर तरक्यातून ती वस्तू गेलीच म्हणायची. अर्जच करायचा राहिला असेल आणि शोध लावणारा वारला तरी वारस अर्ज करू शकतात. पेटंट कायद्यात स्पष्ट आहे की मालकी आणि वारसा जंगम मालमत्तेच्या नियमाने, म्हणजे फिरून शरियतच. हुपरीच्या चांदीच्या डिझाईनचं रजिस्ट्रेशन केलं असेल तर ते १० अधिक ५ वर्षं, बाकी तसंच.

कोल्हापुरी चप्पल आणि गुळाच्या जीआय टॅगचं (वस्तू कुठल्या भागातली हे सांगणारी नोंद) बरेचजण विचारतात, आमच्या आजोबांपासून धंदा आहे तर टॅग आमच्या वारशात येतो का. नाही. जीआय कोणाच्या मालकीचा नसतो, तो विकता, गहाण ठेवता, वारशाने घेता येत नाही. पण तुमचं ऑथराइज्ड युजर म्हणून नाव असेल तर ते वापरायचा हक्क तुमच्या वारसांना जातो, तसं जीआय कायद्यातच आहे.

वसीयत आणि हिबा, म्हणजे हयातीत दिलेलं बक्षीस. वसीयत १/३ पर्यंतच, आणि सुन्नी कायद्यात वारसाला द्यायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते, ती पण मेल्यानंतरची. म्हणजे “सगळी गाणी धाकट्याला” असं लिहून ठेवलं आणि बहिणी नाही म्हणाल्या तर ते उडालं. हनफींनी नुसत्या उत्पन्नाची, मनफअतची वसीयत पूर्वीपासून मानली आहे, त्यामुळं “या पुस्तकाची रॉयल्टी अमुक मदरशाला” हे बसतं. न छापलेल्या हस्तलिखिताची वसीयत केली तर वेगळं काही लिहिलं नसल्यास कॉपीराइट पण त्याच्याबरोबर जातो, हे कॉपीराइट कायद्याचं कलम २०.

वसीयतीचा खरा उपयोग नातवंडांना. बाप जिवंत असताना एक मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांच्या तरक्यात शून्य. पाकिस्तानने १९६१ ला हे बदललं, इजिप्तने त्याच्या आधी सक्तीच्या वसीयतीची वाट काढली, आपल्याकडं अजून तसंच आहे. ती पोरं वारस नाहीत म्हणूनच त्यांना १/३ पर्यंत कोणाच्या संमतीशिवाय देता येतं. आजोबांची चार पुस्तकं चालत असतील तर त्यातल्या एकाची रॉयल्टी त्या पोरांच्या नावे केली तर त्यांची कॉलेजची फी निघेल. एवढं साधं काम लोक करत नाहीत आणि नंतर सगळं घर हळहळतं.

हिबा हयातीत, कितीही देता येतो, मुलांत समान द्यावं असं उलमा सांगतात. हिब्याला बोलणं, स्वीकारणं आणि ताबा देणं लागतं, घराच्या बाबतीत तोंडी चालतं. पण कॉपीराइटचा ताबा काय देणार? इथं तोंडीवर राहू नका. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर सहीचा लेखी कागद लागतो. शेवटच्या आजारपणात केलेला हिबा परत १/३ च्या मर्यादेत येतो, हे पण लक्षात असू दे.

एक गोष्ट वाटणीत येत नाही, ती म्हणजे नाव लावायचा हक्क. कवितेखाली कवीचं नाव राहिलं पाहिजे, त्याच्या चित्राची मोडतोड करू नये, हा हक्क पैशाचा नाही. कलम ५७ प्रमाणे वारस त्यासाठी भांडू शकतात, आणि त्यात १/८, दोनास एक असलं काही नसतं, आठव्या हिश्श्याची आई सुद्धा एकटी कोर्टात जाऊ शकते.

कागदपत्रांचं. प्रकाशक किंवा कॉपीराइट सोसायटीकडं नॉमिनी म्हणून ज्याचं नाव तो मालक नाही. सुप्रीम कोर्टाने तेव्हाच्या इन्शुरन्स कायद्याखाली १९८३ ला आणि शेअर-म्युच्युअल फंडबाबत २०२३ ला हेच सांगितलं, ती २०२३ ची केस तर कालनिर्णयवाल्या साळगावकर घराण्यातलीच. नॉमिनीनं पैसे घ्यायचे आणि वारसांना वाटायचे. मयताच्या हयातीत थकलेली रॉयल्टी हे प्रकाशकाकडचं येणं असतं, त्यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट मागतात, ते मुसलमानांना पण मिळतं. वारस कोण हे दाखवायला १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला कोर्टातून काढता येतो. ट्रेडमार्क आणि पेटंटच्या रजिस्टरात वारसांची नावं चढवून घ्यायला वेगळे अर्ज आहेत, ते होईपर्यंत तिसऱ्यावर दावा लावताना अडचण येते. आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून चालू झालंय, मुंबईच्या खेपा तरी वाचल्या.

राहिला यूट्यूब चॅनल. व्हिडिओवरचा कॉपीराइट वडिलांचा, तो तरक्यात. साचलेले जाहिरातीचे पैसे पण तरक्यात. पण अकाउंट गुगलच्या अटींवर चालतं आणि पासवर्ड माहिती नसेल तर वारस मालक असून बाहेर उभे. हयात असतानाच सेटिंगमध्ये जाऊन इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर चालू करता येतं, किती महिने अकाउंट शांत राहिलं की कोणाला कळवायचं ते तिथं भरायचं, १० जणांपर्यंत नावं टाकता येतात. मुलाचं टाकताय तर बायकोचं आणि मुलींचं पण टाका, रकाने तेवढे आहेत.